गिऱ्हाइकासमोर हाताने कपाटाचं चित्र काढताना त्याची खोली (डेप्थ) मापात कशी दाखवायची?

रंधा_पटाशी (इचलकरंजी)

नमस्कार मंडळी. आमचं फर्निचरचं वर्कशॉप आहे, वडिलांपासून चालत आलेलं. कपाट, दिवाण, देव्हारा, टीव्ही युनिट, किचनच्या ट्रॉल्या, सगळं गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन माप घेऊन करतो. माप घेतलं की तिथंच कागद काढायचा आणि वस्तू कशी दिसेल ते रेखाटून दाखवायचं ही आमची पद्धत. नवरा-बायको शेजारी बसलेले असतात, आजी पलंगावरनं बघत असते, आणि चित्र होता होताच ठरत जातं: ड्रॉवर खाली घ्यायचे की मधे, आरसा बाहेरून की शटरच्या आत. कॉम्प्युटरवरचं थ्रीडी मी बाहेरून करून घेतो, पण ते दोन दिवसांनी हातात येतं आणि तोवर बोलणं थंड झालेलं असतं. समोर बसून काढलेल्या चित्रावर माणसं मोकळी बोलतात. ते मला सोडायचं नाही.

अडचण अशी. समोरून सपाट चित्र मी मापात काढतो, त्यात खोट नाही. पण खोली दाखवायला गेलो की वस्तू बिघडते. ७ फुटी कपाटाची वरची फळी दाखवली की कपाट ठेंगणं वाटतं, गिऱ्हाईक विचारतं, "एवढं बुटकं का?" बाजू २ फूट आहे म्हणून समोरच्या मापानेच काढली तर कपाट नुसतं पसरतं. यूट्यूबवर बघितलं, तिथं कागदाच्या दोन कडांना दोन ठिपके देतात आणि सगळ्या रेघा तिकडं नेतात. तसं केलं की कपाटाचा कोपरा टोकदार होऊन अंगावर येतो.

माझा प्रश्न एवढाच: ठिपका नेमका कुठं द्यायचा, आणि २ फूट खोली कागदावर किती भरते ते अंदाजाने न ठरवता मापाने कसं ठरवायचं? मला माप कळतं. "डोळ्याला बरं दिसेल तेवढं घ्या" असं कृपया सांगू नका.

डिप्लोमा_मेकॅनिकल (सांगली)

भाऊ, तुम्हाला आयसोमेट्रिक पुरेल. ३०-६० चा गुण्या घ्या, उभ्या रेघा उभ्याच, बाकी दोन्ही दिशांच्या रेघा ३० अंशात. तिन्ही दिशांना एकच माप. २ फूट म्हणजे २ फूट, कुठंही मोजून घ्या. आमच्या इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये हे नेहमी वापरतात. त्या ठिपक्यांची, म्हणजे व्हॅनिशिंग पॉइंटची, भानगडच नाही.

चित्रकलाबाई (कऱ्हाड)

डिप्लोमा_मेकॅनिकल यांनी सांगितलेली पद्धत वर्कशॉपमधल्या कारागिरासाठी उत्तम आहे. पलाई कापणाऱ्याला मापच हवं असतं आणि आयसोमेट्रिकमध्ये ते रेघेवरून थेट मोजता येतं. पण गिऱ्हाइकाला हवं ते त्यात मिळत नाही. आयसोमेट्रिकमध्ये पाठीमागची कड पुढच्या कडेएवढीच लांब राहते. आपल्या डोळ्याला लांबची वस्तू लहान दिसायची सवय, त्यामुळे ७ फुटी कपाट मागे फाकल्यासारखं वाटतं. शिवाय त्यात वरची फळी नेहमीच दिसते. ७ फुटी कपाटाची वरची फळी उभ्या माणसाला दिसते का कधी? "एवढं बुटकं का?" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. वरची फळी दिसली की बघणारा मनात धरून चालतो की हे माझ्या नजरेच्या खाली आहे, म्हणजे पाच फुटांपेक्षा कमी. गिऱ्हाइकाचं बरोबर आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुलं बसवली, निवृत्त झाल्यावरही घरी मुलं येतात. त्यांना पहिली रेघ कुठली मारायची हे मी सोडत नाही: नजरेची रेषा. वस्तू नंतर. आधी बघणाऱ्याचा डोळा जमिनीपासून किती उंचीवर आहे ते ठरवा आणि तेवढ्या उंचीवर कागदावर एक आडवी रेघ मारा. पुस्तकात तिला क्षितिजरेषा म्हणतात. उभ्या माणसाचा डोळा ५ फुटांवर धरा. खुर्चीत बसलेल्याचा साधारण ४ फुटांवर. ओटा दाखवायचा असेल तर उभं राहून, दिवाण किंवा टीव्ही युनिट दाखवायचं असेल तर बसून. कोणासाठी काढताय त्याप्रमाणे ही रेघ वर-खाली होते, आणि तेवढ्यानेच चित्र निम्मं ठरतं.

या रेघेचा एक गुण तुमच्या कामाला फार येईल. जमीन सपाट असेल तर खोलीत कुठेही ठेवलेल्या प्रत्येक वस्तूला ही रेघ ५ फुटांवरच कापते. जवळचं कपाट असो, लांबचं असो, दारात उभा असलेला माणूस असो. ७ फुटी कपाटाचे ५ भाग रेघेच्या खाली, २ भाग वर. अडीच फुटी टेबल असेल तर त्याचा वरचा कड जमीन आणि नजरेची रेषा यांच्या बरोब्बर मध्यावर. म्हणजे कागदावर कुठेही बोट ठेवलंत तरी तिथली उंची तुम्हाला काढता येते.

आता खोलीचं माप. तुम्ही मापाचे माणूस, म्हणून आकड्यांतच सांगते. ए-फोर कागद आडवा घ्या. माप धरा १ फुटाला २ सेमी.

कागदाच्या खालच्या कडेपासून ४ सेमीवर आडवी रेघ मारा, ती जमीन. त्याच्या वर १० सेमीवर दुसरी आडवी रेघ, ती नजरेची (५ फूट गुणिले २). नजरेच्या रेषेवर कागदाच्या डाव्या कडेपासून १८ सेमीवर एक ठिपका द्या. हा व्हॅनिशिंग पॉइंट, म्हणजे गिऱ्हाइकाच्या डोळ्याच्या नेमकं समोरचं ठिकाण. तुमच्यापासून सरळ लांब जाणारी प्रत्येक रेघ इथे येऊन मिळणार. आता गिऱ्हाईक कपाटापासून किती लांब उभं आहे? ८ फूट धरू. ८ फूट म्हणजे १६ सेमी. व्हॅनिशिंग पॉइंटच्या डावीकडे १६ सेमीवर, त्याच नजरेच्या रेषेवर, दुसरा ठिपका द्या. याला डिस्टन्स पॉइंट म्हणतात. यूट्यूबवाले बहुतेक वेळा हा सांगतच नाहीत आणि मग खोली अंदाजाने काढायला लावतात.

कपाट धरू ३ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल. पुढचा चेहरा जमिनीच्या रेघेवर मापातच काढा: डाव्या कडेपासून २२ सेमीवर सुरू, २८ वर संपलं, १४ सेमी उंच. हे तुमचं नेहमीचं सपाट चित्र. आता चेहऱ्याचा खालचा डावा कोपरा व्हॅनिशिंग पॉइंटला बारीक रेघेने जोडा. वरचा डावा कोपराही जोडा. कपाटाची डावी बाजू या दोन रेघांच्या मधेच कुठेतरी संपते. कुठे? खालच्या डाव्या कोपऱ्यापासून जमिनीच्या रेघेवर उजवीकडे ४ सेमी मोजा (२ फूट खोली), तिथून डिस्टन्स पॉइंटला रेघ मारा. ही तिरकी रेघ खालच्या पहिल्या रेघेला जिथे कापेल तिथे तुमची २ फूट खोली संपली. तिथून उभी रेघ वर न्या.

मोजून बघा. ही मागची उभी कड ११.२ सेमी भरेल, पुढची १४ होती. जमिनीपासून ती २ सेमी वर सुरू होईल. आणि बाजूची दिसणारी रुंदी फक्त ८ मिलिमीटर. समोर ६ सेमीचा चेहरा आणि बाजू जेमतेम ८ मिलिमीटर! कपाट पसरतं ते यामुळेच. डोक्यात २ फूट असतात म्हणून हात ४ सेमी काढतो, डोळ्याला मात्र त्याचा पाचवा हिस्साच दिसत असतो.

यामागचं कारण साधं आहे. जमिनीवर ४५ अंशांत जाणारी रेघ जेवढी बाजूला सरकते तेवढीच मागे जाते. डिस्टन्स पॉइंट हा त्या ४५ अंशांच्या रेघांचा व्हॅनिशिंग पॉइंट. म्हणून बाजूला मोजलेले २ फूट तिरक्या रेघेने मागे २ फूट होऊन मिळतात. फरशी काढायची असेल तर हीच युक्ती: जमिनीच्या रेघेवर फुटाफुटाच्या खुणा, त्या सगळ्या व्हॅनिशिंग पॉइंटला जोडा, एक तिरकी रेघ डिस्टन्स पॉइंटला, आणि जिथे जिथे छेद तिथे आडव्या रेघा. फरशी आपोआप मागे जात बारीक होते.

एकच पथ्य. ८ फुटांवरून बघताना मधल्या ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना साडेचार-पाच फुटांपलीकडची वस्तू या पद्धतीने काढू नका, ती ओढल्यासारखी दिसते. लांबलचक वॉर्डरोब असेल तर गिऱ्हाइकाला मागे १२ फुटांवर न्या, म्हणजे डिस्टन्स पॉइंट लांब न्या.

कॅमेरावाला (पुणे)

एवढं कशाला? बांधून झालेल्या एखाद्या कपाटाचा मोबाईलवर फोटो काढायचा, प्रिंटवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा. कॅमेरा पर्स्पेक्टिव्ह चुकत नाही.

चित्रकलाबाई (कऱ्हाड)

कॅमेरा चुकत नाही, पण तो कुठे आणि कसा धरला त्यावर सगळं आहे. मोबाईलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. छोट्या खोलीत कपाट मावावं म्हणून माणूस चार फुटांवर उभा राहतो आणि फोन वर वाकवतो. फोन वाकला की उभ्या रेघा वर जाता जाता जवळ येतात आणि कपाट मागे पडतंय असं वाटतं. उंच इमारतीकडे मान वर करून बघताना तो परिणाम शोभतो, तिथे तो खराच असतो. फर्निचरच्या चित्रात उभ्या रेघा ओळंब्यातच हव्यात. फोटो वापरायचाच तर फोन डोळ्याच्या उंचीवर, अगदी सरळ, आणि आठ-दहा फूट मागून.

पण ट्रेसिंगपेक्षा चांगला अभ्यास सांगते. रंधा_पटाशी, तुमच्याकडे काचेची शटर असतातच. एक शटर कपाट आणि तुमच्यामध्ये उभं धरून ठेवा, खाली टेकवून. एक डोळा बंद, डोकं हलवायचं नाही, आणि व्हाइटबोर्डच्या मार्करने काचेवर समोर दिसतं त्या कडा गिरवा. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) म्हणजे काचेमागची वस्तू काचेवर काढणं, असं लिओनार्दो द विंचीने आपल्या टिपणांत लिहून ठेवलंय. त्या काचेवर पट्टी ठेवून रेघा पुढे वाढवा. कपाटाच्या बाजूच्या सगळ्या आडव्या कडा एकाच ठिकाणी मिळतात आणि ते ठिकाण तुमच्या डोळ्याच्या उंचीवरच असतं, हे तुम्हाला पट्टीखालीच दिसेल. मग खुर्चीत बसून तेच पुन्हा करा. ठिपका तुमच्याबरोबर खाली येतो. मी किती बोलले तरी या काचेएवढं कुणाला पटवू शकत नाही.

आणखी एक, सुताराला आवडेल असं. आल्ब्रेख्त ड्युरर या जर्मन चित्रकाराने १५२५ साली भूमितीवर पुस्तक छापलं. त्यात एक लाकडी ठशाचं चित्र आहे: भिंतीत एक खिळा, त्यातून ओवलेला दोरा, दोऱ्याच्या एका टोकाला वजन, मधे एक उभी चौकट, आणि टेबलावर ल्यूट हे वाद्य. एक माणूस दोऱ्याचं टोक वाद्याच्या एकेका बिंदूवर ठेवतो, दुसरा तो दोरा चौकटीतून कुठून गेला ते टिपतो. भिंतीतला खिळा म्हणजे डोळा. खिळा, दोरा, वजन आणि चौकट, सगळं तुमच्या पेटीतलं सामान.

रंधा_पटाशी (इचलकरंजी)

बाई, तुमचे खूप आभार. ए-फोरवर जसंच्या तसं काढलं. मागची कड मोजली, ११.२ आली. वडिलांना दाखवलं, ते कागद लांब धरून म्हणाले, "हे बनवलेलं आहे का?" काचेचं पण केलं. बसल्यावर ठिपका खाली येतो ते बघून आमची पोरं पण रांगेत उभी राहिली.

आता पुढचं विचारतो. काही वेळा गिऱ्हाईक दारातून आत येतं तेव्हा कपाटाचा कोपराच समोर दिसतो. तिथं चेहरा सपाट काढून चालत नाही. तेव्हा दोन ठिपके लागणारच ना? मग ते टोकदार का होतं?

चित्रकलाबाई (कऱ्हाड)

दोन लागणारच. कपाटाचा चेहरा एका ठिपक्याकडे, बाजू दुसऱ्याकडे, आणि दोन्ही ठिपके नजरेच्याच रेषेवर. टोकदार होतं कारण ठिपके जवळ पडतात, आणि ते किती लांब हवेत याला नियम आहे.

कपाटाचा कोपरा काटकोन. डोळ्याच्या जागेवरून बघितलं तर दोन्ही ठिपक्यांच्या दिशांमधला कोनही काटकोनच असायला हवा. कोपरा ४५ अंशात समोर असेल आणि तुम्ही ८ फुटांवर असाल तर ठिपके मध्यापासून दोन्हीकडे ८-८ फुटांवर, म्हणजे आपल्या मापात १६-१६ सेमी. एकूण ३२ सेमी. आडवा ए-फोर २९.७ सेमीचा. म्हणजे इतक्या छोट्या मापातसुद्धा ठिपके कागदात मावत नाहीत! १ फुटाला ४ सेमी घेतले तर ६४ सेमी लागतील. कागदाच्या कडांवर ठिपके देऊन मोठं कपाट काढणं म्हणजे गिऱ्हाइकाला कपाटाला नाक लावून उभं करणं.

चूक झाली की नाही ते तपासायला नववी-दहावीतलं एक प्रमेय आठवा: अर्धवर्तुळात अंतर्लिखित केलेला कोन काटकोन असतो. दोन ठिपके जोडणारी रेघ व्यास धरून वर्तुळ काढा. आडव्या फळीचा जवळचा कोपरा, मग तो टेबलाचा असो की कपाटाच्या तळाचा, या वर्तुळाच्या आत असेल तर तो ९० अंशांपेक्षा जास्त उघडलेला दिसतो आणि डोळ्याला पटतो. वर्तुळाच्या बाहेर गेला की ९० पेक्षा कमी होतो. तोच तुमचा अंगावर येणारा कोपरा. मुलांच्या वहीत मी नुसतं कंपासने हे वर्तुळ काढून दाखवते, वेगळं काही सांगावं लागत नाही.

ठिपके कागदाबाहेर न्यायची शाळेत अडचण असते, तुम्हाला नाही. पलाईचा चार फुटी तुकडा घ्या, मधे कागद चिकटवा, नजरेच्या रेषेच्या सरळीत दोन्ही बाजूंना बारीक खिळे मारा आणि लांब पट्टी खिळ्याला टेकवून रेघा ओढा. गिऱ्हाइकाकडे जाताना एवढी फळी नेता येत नाही. म्हणून असा एक जाळीचा कागद घरी तयार करून ठेवा आणि तिथे त्याच्यावर पातळ कागद ठेवून काढा. पाच फुटी नजरेचा एक, चार फुटीचा एक, बाकी जन्मभर लागणार नाही.

इथेही खोली मापाने निघते. ४५ अंशांच्या मांडणीत नजरेच्या रेषेवर मध्यापासून दोन्हीकडे ६.६ सेमीवर एकेक खूण करा (८ फूट अंतर, १ फुटाला २ सेमी, हे धरून). जवळची उभी कड मध्यावर, जमिनीच्या रेघेवर १४ सेमी उंच. उजवीकडे जाणारा ३ फुटी चेहरा हवा असेल तर जमिनीच्या रेघेवर उजवीकडे ६ सेमी मोजा आणि ती खूण *डाव्या* ६.६ च्या खुणेला जोडा. तळाची जी रेघ उजव्या ठिपक्याकडे जाते तिला जिथे कापेल तिथे चेहरा संपला. डावीकडच्या २ फुटी बाजूला उलट: डावीकडे ४ सेमी, जोडणी उजव्या खुणेला. कागदावर चेहऱ्याची रुंदी सुमारे ३.३५ सेमी येते, बाजूची २.४. बघा, ३ फूट आणि २ फूट यांत दिसायला किती थोडा फरक राहतो.

शटर वाटायची असतील तेव्हा पट्टीने निम्मं करू नका. चेहऱ्याचे दोन कर्ण मारा, छेदतील तिथून उभी रेघ, ती दोन शटरची फट. तीन शटर असतील तर जवळच्या उभ्या कडेचे सारखे तीन भाग करा, ते भाग ठिपक्याला जोडा, आणि चेहऱ्यावर एकच कर्ण मारा. कर्ण त्या दोन रेघांना जिथे कापतो तिथून उभ्या रेघा. जवळचं शटर रुंद, लांबचं अरुंद, पण तिन्ही सारखी वाटतात. ड्रॉवरना हा व्याप नाही, उभ्या कडेवर सरळ माप घ्या आणि ठिपक्याकडे न्या.

पडदेवाला (कोल्हापूर)

बाईंचं वाचून राहवलं नाही. मी नाटकांच्या नेपथ्याची कामं करतो. संगीत नाटकांच्या जमान्यात रस्ता, राजवाडा, बाग असे रंगवलेले पडदे असायचे, आणि त्या कामात आमच्या कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर १९१० च्या दशकात अव्वल होते. बाबूराव मूळचे मेस्त्री, कारागिराच्या घरातले, पुढे सिनेमात गेले. रंधा_पटाशींना हे ठाऊक असावं म्हणून सांगितलं.

पडद्याची गंमत अशी की तो एकाच डोळ्यासाठी काढलेला असतो. ठिपका प्रेक्षागृहाच्या मधल्या खुर्चीसाठी बसवायचा. कडेच्या खुर्चीतल्या माणसाला राजवाड्याचे खांब थोडे वाकडे दिसतात, त्याला इलाज नाही. आणि नट पडद्याजवळ गेला की रंगवलेल्या लांबच्या दारापेक्षा मोठा दिसतो, म्हणून त्याला मागे जाऊ द्यायचं नसतं. तुमच्या चित्रालाही हेच लागू. कागद गिऱ्हाइकासमोर सरळ धरा, टेबलावर आडवा ठेवून बाजूने दाखवू नका. निम्मा परिणाम तिथं जातो.

रंधा_पटाशी (इचलकरंजी)

पडदेवाले, मेस्त्रींचं वाचून बरं वाटलं. कागद सरळ धरायचं लक्षात ठेवतो.

बाई, शेवटच्या दोन गोष्टी. गोल डायनिंग टेबल कसं काढायचं? माझ्या हातनं दोन्ही टोकांना टोक येतं. आणि गिऱ्हाईक हमखास म्हणतं, "शटर उघडून दाखवा." उघडं शटर कुठल्या ठिपक्याला जातं?

चित्रकलाबाई (कऱ्हाड)

गोल आधी. गोल कधी एकटा काढायचा नाही, त्याला चौकोनात बसवायचा. ४ फुटी टेबल असेल तर अडीच फूट उंचीवर ४ बाय ४ चा चौकोन डिस्टन्स पॉइंटने काढा, वर कपाटाच्या खोलीसाठी केलं तसाच. दोन कर्ण मारा, छेद म्हणजे टेबलाचं मधलं ठिकाण. तिथून आडवी रेघ मारा आणि एक रेघ व्हॅनिशिंग पॉइंटकडे न्या, म्हणजे चारही बाजूंचे मध्य मिळाले. गोल या चार ठिकाणी चौकोनाला टेकतो. अजून चार ठिकाणं कर्णांवर आहेत: चौकोनाच्या पुढच्या बाजूच्या मध्यापासून दोन्हीकडे १७ इंच मोजा, त्या खुणा व्हॅनिशिंग पॉइंटला जोडा, कर्णांना जिथे कापतील ती चार. आठ ठिकाणांतून हात सैल सोडून वळण घ्या. मनगटाने नको, खांद्यातून.

टोक येतं ते डावी-उजवीकडे हात थांबतो म्हणून. तिथे वळण सर्वांत घट्ट असतं, पण असतं वळणच. मुलांना मी पेन्सिल न टेकवता हवेत तीन-चार फेऱ्या मारायला लावते आणि फिरता हात तसाच कागदावर उतरवायला सांगते. दुसरं, लंबवर्तुळाची सर्वांत रुंद जागा टेबलाच्या मधल्या ठिकाणावर येत नाही, किंचित पुढे, तुमच्या बाजूला येते. जवळचा अर्धा भाग मोठा दिसतो ना, म्हणून. मधल्या पायाचा खालचा गोल वरच्यापेक्षा जास्त उघडा काढा, तो नजरेपासून अजून खाली आहे. मुलं बादली काढतात तेव्हा तोंड छान लंबगोल आणि बूड सरळ रेघ. जमिनीवर टेकलंय म्हणून सरळ, असं त्यांच्या मनाने घेतलेलं असतं. जे जितकं नजरेच्या खाली ते तितकं गोल, एवढं धरून चाला. नजरेच्याच उंचीवर गोल आला तर मात्र खरोखर सरळ रेघ होते.

गोळ्याला यातलं काही लावू नका. कपाटाच्या नॉबला किंवा देव्हाऱ्याच्या गोल मुठीला साधं वर्तुळ द्या. काटेकोर गणिताने कडेचा गोळा थोडा लांबट यायला हवा, पण डोळा ते मान्य करत नाही. राफाएलने व्हॅटिकनमधल्या अथेन्सच्या विद्यापीठाच्या भित्तिचित्रात, १५०९ ते १५११ मध्ये, कमानी सगळ्या एका ठिपक्यात नेमक्या नेल्या आणि उजवीकडच्या माणसांच्या हातातले गोल मात्र सरळ वर्तुळ काढले. त्याचं बघून आपण काढावं, काही बिघडत नाही.

आता शटर. शटर बिजागरीवर फिरतं तसा त्याचा ठिपकाही नजरेच्या रेषेवर सरकतो. पूर्ण ९० अंश उघडलं तर ते सरळ तुमच्याकडे येतं, म्हणून त्याच्या कडा मधल्या व्हॅनिशिंग पॉइंटलाच जातात. अर्धवट, ४५ अंशात उघडलं तर कुठल्या बाजूला फिरलंय त्याप्रमाणे डिस्टन्स पॉइंटला किंवा त्याच अंतरावर पलीकडे. मधल्या कोनांसाठी शटरच्या बाहेरच्या कोपऱ्याची वाट काढा: तो कोपरा जमिनीवर अर्धा गोल फिरतो, म्हणजे चित्रात अर्धं लंबवर्तुळ, आठ ठिकाणांच्या पद्धतीनेच. त्या वळणावर कुठेही थांबा, बिजागरीच्या कोपऱ्याला जोडा आणि रेघ नजरेच्या रेषेपर्यंत वाढवा. तिथे तुमचा ठिपका. वरची कड त्याच ठिपक्याला जायला हवी, तिथेच बहुतेकांचं शटर पिळल्यासारखं होतं.

जागा मात्र आधीच सोडा. आपल्या ३ फुटी कपाटाचं दीड फुटी शटर पूर्ण उघडलं की त्याची बाहेरची कड कपाटाच्या चेहऱ्यापेक्षा तुमच्या जवळ आली, म्हणून ती मोठी होते: १४ सेमीची १७.२. जमिनीच्या रेघेच्या खाली २.३ सेमी उतरते. म्हणूनच मी पहिल्यांदा जमीन कागदाच्या कडेपासून ४ सेमी वर घ्यायला सांगितली होती.

आणि उघड्या शटरच्या कडेला पलाईची जाडी दाखवायला विसरू नका. १८ एमएमची पलाई या मापाला सव्वा मिलिमीटरही भरत नाही, टोक काढलेल्या पेन्सिलीची जवळजवळ दोन रेघांची जागा. पण ती दुसरी रेघ मारलीत की शटर लाकडाचं दिसतं, नाही मारलीत तर पुठ्ठ्याचं. जाडीची रेघ उजेडाच्या उलट्या बाजूला थोडी गडद ठेवा. बाकी कपाटाला सावली देत बसू नका, गिऱ्हाइकाला हँडल कुठे आहे ते बघायचं असतं.